ज्या नावाला पाय आपटायचे

माझी मुलगी लीया घरी बसून परदेशातल्या एका कंपनीचं काम करते. कुणाशी कसं वागू नये याचा एक छोटा अभ्यासक्रम ती कंपनी दरवर्षी सगळ्यांकडून करून घेते. यंदा त्यात एक नवा धडा आला, ज्यूद्वेष म्हणजे काय. मी समोर बसून मटार सोलत होतो. तिनं पडद्यावरची चार ओळींची व्याख्या मला मराठी करून वाचून दाखवली, मग उदाहरणं वाचली. कुणाच्या दारावर काय लिहिलं, कुणाच्या प्रार्थनेच्या जागेच्या काचा कशा फोडल्या. एवढं झाल्यावर तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "पपा, तुम्हाला आलाय कधी असा अनुभव?" मी म्हटलं, "छे. आपल्याकडे नाही." "कधीच नाही?" "कधीच नाही." आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांमध्ये हे उत्तर पाढ्यासारखं पाठ असतं, आणि ते खरंही आहे. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. कित्येक शतकांत आमचा तेवढाच वेगळेपणा कुणाच्या नजरेत भरला. दारावर कुणी काही लिहिलं नाही, काच फोडली नाही. लीया पुढच्या पानावर गेली. माझ्या हातात मात्र एक शेंग तशीच राहिली, कारण मला बुटांचा आवाज ऐकू येत होता. लाकडी फळ्यांवर आपटणारे लोखंडी टाचांचे बूट. त्या बुटांबद्दल मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आता सांगतो.

आम्ही नाशिकला जेलरोडवर एका चाळवजा कॉलनीत पहिल्या मजल्यावर राहत असू. पपा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, आई घरी. आडनाव सासवणेकर. त्यामुळे आडनावावरून कुणाला काही कळायचं नाही, फार तर विचारायचे, अलिबागकडचे का हो? दाराच्या चौकटीला उजवीकडे तिरकी बसवलेली एक छोटी पितळी डबी होती. तिच्यात देवाचं वचन लिहिलेला कागद असतो, आणि जाता-येता तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचं असतं. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक माणूस मात्र ती घंटा समजून दाबायचा. पोस्टमन दाबायचा, गॅसवाला दाबायचा, एकदा मीटर बघायला आलेल्या माणसानं दाबून दाबून ती वाकडी केली आणि वर "तुमची बेल बंद पडलीय, दुरुस्त करून घ्या" असं सांगून गेला. आईला राग यायचा. पपा म्हणायचे, "दाबू दे गं. देवाचं नाव आहे आत, कुणाच्याही बोटानं पुण्य लागतं." शेवटी त्यांनी तिच्याखाली एक खरी घंटा बसवली. लोक मग दोन्ही दाबू लागले.

शुक्रवारी संध्याकाळी घर धुऊन निघायचं. आई काचेच्या पेल्यात पाणी आणि त्यावर खोबरेल तेल घालून वात लावायची, आणि त्या तेलाचा वास नारळाच्या रसातल्या मटणाच्या वासात मिसळून जिन्यापर्यंत यायचा. द्राक्षांचा मोसम संपला की पपा पिंपळगावहून मनुका आणायचे. शुक्रवारी दुपारी आई त्या भिजत घालून कुस्करायची, फडक्यातून गाळायची, आणि ते काळपट गोड सरबत आमच्या प्रार्थनेचा द्राक्षरस व्हायचं. नाशिकला आमचं प्रार्थनामंदिर नाही. मोठ्या सणांना ठाण्याला जायचं, नाहीतर घरातच पपा पोथी वाचायचे, आम्ही तिघं ऐकायचो. माझी बहीण तेव्हा फार लहान होती, ती ऐकायची म्हणजे झोपायची. नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा: गोड पोहे, वर खोबरं, फळं, आणि ताटात सब्जाच्या काड्या. सब्जा यायचा माझा मित्र दत्तू माळी याच्या मळ्यातून. दत्तूच्या घरी मखमलाबादला भाजी आणि फुलं होत. त्याची आई, आम्ही तिला माळीमावशी म्हणायचो, आठवड्याला दोनदा आमच्या बाजूला शेवंती घेऊन यायची आणि सब्जाची जुडी आमच्याकडे टाकून जायची. मलिद्याच्या दिवशी दत्तू न बोलावता हजर. "काकू, तुमचा पोह्याचा देव लय चांगला," तो म्हणायचा, "आमच्या देवाला एवढं खोबरं नाय घालत कुणी."

दत्तूला आमचा देव पोह्याचा वाटायचा, बाकी शाळेला आम्ही ख्रिश्चन वाटायचो. याला कारण मीच. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना विचारलं, "बेंजामिन म्हणजे ख्रिश्चन ना रे?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता आणि मला शू लागली होती. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते बाईंनी ठरवलं. पुढे पोरांनी नावाचा बेंजो केला, गणपतीत वाजतो तो, आणि बेंजो ख्रिश्चन आहे हे शाळेत एकदाचं पक्कं झालं.

त्यातून एक भलतीच गंमत झाली. शेजारच्या आहेरकाकू सटाण्याकडच्या, त्यांची मुलगी माझ्याच शाळेत. तिच्याकडून त्यांना बातमी लागली. नाताळच्या दिवशी सकाळी काकू चिवडा-लाडवांचं ताट घेऊन दारात उभ्या. "वैनी, आज तुमना सण शे ना वो! इतकी वर्सं सांगितलं नाय कधी!" आई गोंधळली. खरं सांगावं तर काकूंचा हिरमोड. आणि ताट तर घेऊन झालेलं. आता भरलेलं ताट रिकामं कसं परत करायचं? घरात होत्या त्या चार करंज्या आईनं ताटात घातल्या. पुढच्या वर्षी आईनं विचार केला, काकू येणार, ताट येणार, म्हणून चोवीस तारखेलाच करंज्या तळून ठेवल्या. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी खालच्या मजल्यावरच्या दोघींना बरोबर आणलं. अशा रीतीनं एक ज्यू कुटुंब निव्वळ शेजारधर्मापायी नाताळ करू लागलं. पपा पोट धरून हसायचे. "अगं, तो येशूही आपल्याच आळीतला पोरगा. त्याच्या वाढदिवसाला करंज्या झाल्या तर काय बिघडलं?" आई म्हणायची, "तुम्हाला काय होतंय हसायला, सारण करंजीत मी भरते."

हे सगळं हसण्यावारी जायचं, आणि त्यात कुणाचा काही दोष होता असं मी म्हणणार नाही. पण हसता हसता मला एक सवय जडली. कुणी काही ठरवलं की ते ठरू द्यायचं. ही सवय फार आरामाची असते. तिची किंमत उशिरा कळते.

आता बुटांकडे येतो. होळीच्या सुमाराला आमचा पुरीम येतो. आमची जुनी माणसं त्याला सरळ होळीचा सणच म्हणायची, आणि पुरणपोळीही तशीच व्हायची. त्या दिवशी जी पोथी वाचतात तिच्यात इराणच्या दरबारातला एक वजीर सगळ्या ज्यूंना मारून टाकायचं कारस्थान रचतो आणि राणी ते उधळून लावते. रीत अशी, की वाचताना त्या वजिराचं नाव आलं की पोरांनी इतका गोंगाट करायचा, इतके पाय आपटायचे, की नाव कानावर पडताच कामा नये. वर्षातून एक दिवस घरात धिंगाणा घालायला धर्मानंच परवानगी दिलेली. पपा त्या दिवशी कारखान्यातले सेफ्टी बूट घालून वाचायला बसायचे. पुढे पोलादी टोपी, टाचेला नाल. बसण्याआधी बूट उलटे करून दोन्ही तळव्यांवर खडूनं नावं लिहायचे. डाव्यावर त्या वजिराचं. उजव्यावर मिशीवाल्या जर्मनाचं.

या दुसऱ्या माणसाचं नाव आमच्या घरात कधीच उच्चारलं गेलं नाही. मीही ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळायला मिशी पुरेशी आहे. त्यानं आमच्या ओळखीच्या कुणाचं काही केलं नव्हतं. युरोपातले ते लोक आम्ही कधी पाहिले नव्हते, त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं. लहानपणी मी पपांना विचारलंही होतं, ते आपले कोण? पपा खडू झटकत म्हणाले, "तेही शनिवारी काम बंद ठेवायचे." आणि वाचायला लागले. नाव आलं की पपांचे बूट, माझ्या चपला, आईचं लाटणं, आणि खालून घरमालकांचा आवाज, "सासवणेकर, छत पडेल हो!" वाचन संपलं की आम्ही बूट उलटे करून बघायचो. खडू पुसला गेलेला असायचा. मग पोळ्या.

आठवीत असताना गॅदरिंगला इतिहासाच्या खैरनार सरांनी एक कार्यक्रम बसवला, 'जगातील कणखर नेते'. एकेकानं वेश करून यायचं, हात उंचावून स्वतःचं नाव सांगायचं, दोन वाक्यं बोलायची. खैरनार सर मनानं लोण्यासारखे. पोरांना मारताना आधी विचारायचे, कुठल्या हातावर देऊ? शिस्तीचं मात्र त्यांना भारी वेड होतं, आणि शिस्त म्हटलं की त्यांना तोच मिशीवाला आठवायचा. "एक हात वर केला की अख्खा देश उभा! नाहीतर आपण. रांगेत उभं राहायला सांगितलं तर पाण्याच्या टाकीवर जाऊन बसतो." त्यांच्या मनात कुणाविषयी विष नव्हतं. त्या माणसानं नेमकं काय केलं हे त्यांना पुस्तकातल्या दोन ओळींपुरतं ठाऊक होतं आणि त्या दोन ओळी परीक्षेला येत नसत. त्यांनी वर्गावर नजर फिरवली. "आवाज कुणाचा मोठा? बेंजो! ऊठ. तू कर तो."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगायचं म्हणजे पहिलीपासूनची मान परत हलवावी लागली असती. हे झालं अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की मला हौस होती. मला स्टेजवर जायचं होतं, आवाज सोडायचा होता, आठवी 'ब'च्या मुलींना तो ऐकवायचा होता. मी घरी सांगितलं, मी पोलीस झालोय. आईनं स्काउटचा खाकी शर्ट इस्त्री करून दिला, वर कौतुकानं म्हणाली, "पोलिसाला मिशी नको?" मी म्हटलं, "तिथे काढतील." तिच्याच काजळाची डबी मी खिशात घालून नेली.

तालमी जोरात झाल्या. दत्तू जुन्या रोमचा कोणी सम्राट झाला होता. अंगाभोवती घरची चादर, डोक्यावर माळीमावशीनं गुंफलेला शेवंतीचा मुकुट. सरांनी तो पाहून कपाळाला हात लावला. "अरे, सम्राट आहेस का नवरदेव?" दत्तू म्हणाला, "सर, आमच्याकडं एवढंच पिकतं." माझ्या मिशीला मात्र सगळ्यांनी दाद दिली. नाकाखाली बोटभर चौकोन. आरशात मी स्वतःकडे बघितलं आणि, लिहायला जीव कचरतो, मला मी आवडलो.

गॅदरिंगच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. पुढे पाहुणे, मग पालक, कडेनं पोरं, आणि सगळ्यात मागे जुन्या बँडपथकासाठी केलेला लाकडी फळ्यांचा चौथरा. पपांची पाळी रात्री सुटते म्हणून मी निर्धास्त होतो. आई लहानग्या बहिणीला सोडून येणार नव्हती. माझी पाळी आली. मी टाचा जुळवल्या, हात वर केला, छाती भरून घेतली आणि म्हटलं, "मी—"

धाड. धाड. धाड.

हॉलच्या मागून आवाज आला. मी थांबलो. लोकांनी वळून पाहिलं. मला वाटलं बाक पडलं. पुन्हा हात वर केला. "मी आहे—" धाड धाड धाड धाड! या वेळी मला दिसलं. चौथऱ्यावर, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, डबा काखेत धरून पपा उभे होते आणि दोन्ही पायांनी फळ्या ठोकत होते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. पुरीमच्या दिवशी असतो तसाच चेहरा, पोथीत पुढची ओळ कुठली येते तिकडे लक्ष असल्यासारखा. कडेच्या पोरांना वाटलं ही दाद देण्याची नवी तऱ्हा आहे. त्यांनीही पाय आपटायला सुरुवात केली. मग पालकांच्या पत्र्याच्या खुर्च्या वाजू लागल्या. सर माइकवर ओरडत होते, "शांत राहा! पोराला नाव तर सांगू द्या!" मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा अख्खा हॉल असा दणाणला की मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. पाहुणे टाळ्या पिटत होते. आठवी 'ब' किंचाळत होती. शेवटी सम्राटानं, म्हणजे दत्तूनं, चादर सावरत पडदा ओढला. कार्यक्रमात मी एकटाच असा नेता ठरलो ज्याचं नाव कुणाच्याच कानावर पडलं नाही.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, श्रोत्यांच्या विक्रमी प्रतिसादाबद्दल. स्टीलचा पेला, वर शाळेचं नाव कोरलेलं. तो हातात घेऊन मी विंगेबाहेर आलो तर खैरनार सर खुशीत होते. "काय पेटवलास रे हॉल! पण तो मागचा माणूस कोण होता? निळ्या कपड्यातला? त्यानं सुरू केलं सगळं. तुझ्या ओळखीचा?"

पपा दारापाशीच उभे होते. सरांच्या आणि त्यांच्यात फार तर एक टेबल असेल, वड्यांच्या परातीचं.

मी म्हटलं, "नाही सर. मी नाही ओळखत."

पपांनी ते ऐकलं. त्यांनी परातीतला एक वडा घेतला, कागदात गुंडाळला, आणि पुढे येऊन परक्यासारखे म्हणाले, "छान काम केलंस हो, बाळ." सरांनी विचारलं, "आपण कुणाचे पालक? आपला मुलगा कुठला?" पपा म्हणाले, "आहे याच्यातच कुठेतरी. मिशी पुसली की सापडेल." सर खो खो हसले. पपाही हसले. वडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि बाहेर सायकल काढायला गेले.

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. काजळ साबणाशिवाय जात नाही, ते नुसतं पसरतं. तसाच काळ्या ओठांनी जाऊन मी कॅरिअरवर बसलो. जेलरोडच्या चढाला पपा दमले की मी नेहमी उतरून मागून ढकलायचो, त्या दिवशीही ढकलली. वाटेत ते एवढंच बोलले, "वडा खा, गार होईल." घरी आल्यावर त्यांनी बूट काढून दाराबाहेर आडवे ठेवले. मी आत जाताना ते पाहिले. उजव्या तळव्यावर खडूचा पांढरा धुरळा होता. अक्षरं पुसली गेली होती, पण एका काठाला पहिली वेलांटी अजून दिसत होती.

म्हणजे ते ठरवून आले होते. ते कसं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माळीमावशी सब्जा टाकायला आली आणि आईला म्हणाली, "परवा बेंजोच्या बापाला सांगितलं मी, तुमचं पोरगं मिशीवाला जर्मन व्हनार हाय, आन आमचं रोमचा राजा. लय भारी झालं म्हनं!" पपांनी पाळी बदलून घेतली होती. त्यांना मला रागवता आलं असतं, भूमिका सोडायला लावता आलं असतं, सरांना भेटून आम्ही कोण ते सांगता आलं असतं. त्यांनी मला स्टेजवर जाऊ दिलं. फक्त ते नाव माझ्या तोंडून कुणाला ऐकू जाणार नाही एवढी व्यवस्था केली.

त्या शुक्रवारी त्यांनी द्राक्षरसाचा नेहमीचा पेला बाजूला सारला आणि मनुकांचं सरबत माझ्या बक्षिसाच्या पेल्यात ओतलं. "बघ," आईला म्हणाले, "पोराच्या कमाईचा." माळीमावशीच्या बोलण्यावरून तिनं काय ओळखलं होतं, देव जाणे, ती म्हणाली, "घासून घेतलात ना नीट?" पपा म्हणाले, "मी घासलाय." तो पेला आजही आमच्याकडे दर शुक्रवारी भरतो. आमच्यात त्या दिवसाबद्दल पुढे कधी शब्द निघाला नाही. मला वाटायचं, मोठा झालो की माफी मागीन. मोठा झालो तेव्हा वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं. मग पपा गेले.

आता माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पाटीवर माझंच नाव. अलीकडे टीव्हीवर युद्धाच्या बातम्यांत माझ्या नावाचा इस्राएलचा पंतप्रधान रोज दिसायला लागल्यापासून गिऱ्हाइकं विचारतात, "तुम्ही तिकडचे का हो?" मी म्हणतो, "नाही हो, अलिबागचे." हेही खरंच. काही जण मला प्रेमानं मिठी मारतात, "तुमचे लोक लय भारी राव, कसं ठोकतात!" आणि मला कळतं की ही मिठी माझ्यासाठी नाही, दुसऱ्याच कुणाला तरी मारण्याची ती तयारी आहे. काही जण बोलेनासे झाले, जणू तिकडचा हुकूम माझ्या दुकानातून सुटतो. एक मालेगावचे लूमवाले आहेत, वर्षानुवर्षं माझ्याकडे मोटारी आणतात. ते मध्यंतरी आलेच नाहीत. मग एक दिवस आले, मोटार खाली ठेवली, बराच वेळ चहा फुंकत बसले आणि म्हणाले, "भाई, एक बात पूछूँ? आपके यहाँ भी कोळंबी नहीं खाते ना?" मी नाही म्हटलं; आम्हाला खवलं नसलेलं चालत नाही, आणि त्यांच्यातही, मुसलमानांत, कित्येक घरी कोळंबी वर्ज्य असते. "वोही मैं घर पे बोल रहा था," ते म्हणाले, आणि मोटारीच्या भावावर घासाघीस सुरू केली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. लीयानं आमच्या गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा फोटो टाकला, तर खाली कुणा अनोळखी माणसानं काहीतरी लिहिलं. तिनं ते मला वाचून दाखवलं नाही. नुसता फोन उलटा ठेवला.

मटार सोलून झाले त्या संध्याकाळी मी लीयाला हे सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, दत्तूच्या मुकुटाला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वड्यापाशी आली तेव्हा तिनं मटारची टरफलं गोळा करायला घेतली. मग म्हणाली, "पण पपा, हे त्या व्याख्येत बसतं का? तुमच्याशी कुणीच वाईट वागलं नाही." मी म्हटलं, "तेच मला इतकी वर्षं कळत नाही. कुणी काहीच केलं नाही, आणि मी माझ्या बापाला ओळखलं नाही."

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं. नंतर अंगणातल्या फरशीवर खुर्च्या टाकून जिलेबी. आमच्या सेक्रेटरी पवारबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, पाण्याच्या आणि पार्किंगच्या बाबतीत कडक. सूत्रसंचालन करणारा तरुण रंगात आला होता. "आणि आता दोन शब्द बोलतील आपल्या सोसायटीच्या लेडी—" म्हणून त्यानं त्या मिशीवाल्याचं नाव घेतलं. सगळे हसले. हे नेहमीचंच, दर वर्षी होतं, दर वर्षी मीही हसलोय.

माझ्या शेजारून आवाज आला. धाड. धाड. लीया. पायात साधे सँडल, खाली फरशी, आवाज काही फार नव्हता. ती समोर बघत होती, आणि चेहरा थेट पपांचा. लोक वळले. पवारबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं? काय झालं?"

लीयाचे पाय चालूच होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी हातातली जिलेबी खाली ठेवली आणि उठलो. गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत, तरी आपटले पाय. "बाई, आम्ही ज्यू आहोत," मी म्हटलं. "त्या माणसाचं नाव निघालं की पाय आपटायचे, आमच्याकडे रीत आहे तशी. नाव ऐकू जाऊ नये म्हणून." माझा आवाज मोठा आहे, शेवटच्या ओळीपर्यंत गेला. कुणीतरी म्हणालं, "अरेच्चा, मी तर ख्रिश्चन समजत होतो." सूत्रसंचालक बिचारा लाल झाला, "काका, सॉरी, मला खरंच..."

"तू थांब रे," पवारबाई म्हणाल्या. "सासवणेकर, ही रीत इतकी वर्षं सांगितली का नाहीत? बत्तीस फ्लॅटचे लोक मला पाठीमागे त्या नावानं बोलावतात, आणि मी गोड मानून घेते. मला काय आवडतं होय ते?" आणि त्यांनी पायातली कोल्हापुरी उचलून अशी आपटली की जिलेबीवरच्या माश्या उडाल्या. मग पोरं सुरू झाली, मग बायका, मग सगळेच. वॉचमन धावत आला, काय पडलं म्हणून बघायला.

गोंगाट ओसरल्यावर पवारबाई धापा टाकत माझ्याशेजारी बसल्या. "मजा आली हो. पण हे असं चारचौघांत उभं राहून पाय आपटायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

मी म्हटलं, "एक गृहस्थ होते. निळ्या कपड्यातले." लीयानं माझ्याकडे पाहिलं. "ते माझे वडील," मी म्हटलं.